टिकलीची उंची

घरमालक भाडेकरूला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं मी पाठ करून गेले होते. नोकरी कुठं, एकटीच राहणार का, पाहुणे किती येतात. काकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमचा पलंग कुठल्या बाजूला उतरतो?"

"पलंग कसा उतरेल?" मी म्हटलं. "पलंग सरळच असतो की."

"असं सगळ्यांनाच वाटतं," ते म्हणाले.

माझं सामान वरच्या मजल्यावर चढलं, तसे तेही मागोमाग चढले. शर्टाच्या खिशातून, जिथं इतर माणसं पेन ठेवतात तिथून, त्यांनी वीतभर लांबीची पिवळी लेव्हल काढली. गवंड्यांकडे असते ती, आत पाण्यात बुडबुडा असलेली. ती पलंगावर ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला. मी वय चोरताना सापडले असावे, अशा नजरेनं काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग पलंगाच्या एका पायाखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडी सारली, बुडबुडा मधोमध येऊन थांबला, आणि तेव्हा कुठे खोलीची किल्ली माझ्या हातात पडली.

काका आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शिकवायची खोड गेली नव्हती. जो भेटेल तो त्यांचा उमेदवार, म्हणजे हाताखालचा शिकाऊ. दूधवाला उमेदवार, मी उमेदवार, गॅसचा सिलिंडर आणणारा तर फार जुना उमेदवार. सगळं जग त्यांच्याकडे मिलिमीटरमध्ये होतं. पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं की रिक्षास्टँड किती लांब आहे, तर उत्तर आलं, "साडेतीन लाख." मी घाबरून दुसरी खोली बघायच्या विचारात होते.

एकदा मला मिसळ खायला घेऊन गेले. ताटं समोर आली तरी खायला सुरुवात करेनात. वाकून रश्श्याच्या वाटीकडे बघत बसले. "टेबल चार मिलिमीटर बाहेर आहे," ते म्हणाले. "बघा, तर्री त्या कडेला चढलीये." मग वेटरला बोलावून टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घालायला लावली, तर्री जागेवर आली, आणि मग पावाचा पहिला तुकडा मोडला. मी तोवर दुसरा पाव मागवला होता.

माझं आणि त्यांचं जमावं असं खरं तर काही नव्हतं. मी विमा कंपनीत, दाव्यांच्या विभागात. वस्तू आज ना उद्या फुटते, सडते, जळते किंवा चोरीला जाते, यावर माझा ठाम विश्वास. पगारच त्यावर मिळतो. काकांचं म्हणणं नेमकं उलट. वस्तू आपणहून कधी फुटत नाही, फोडते ती माणसाची घाई. मी पायऱ्या उतरताना जो आवाज करायचे, त्यावरून ते माझ्या सगळ्या वस्तूंचं भविष्य सांगायचे. दुर्दैवानं ते बऱ्याचदा खरं ठरायचं.

घर मात्र चालायचं ते काकूंच्या मापानं. काकू सटाण्याकडच्या, बागलाणातल्या. एरवी बोलायच्या तुमच्या-आमच्यासारखं, पण राग आला की थेट माहेरच्या अहिराणीत जायच्या, आणि मग काका, जे मूळचे विंचूरजवळच्या खेड्यातले, मूग गिळून बसायचे. घराची किल्ली काकूंकडे असायची. काकांकडे किल्ली नव्हतीच. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि त्यांना कधी किल्ली लागलीच नव्हती. त्यांची स्कूटर फाटकात शिरायची, ते स्टँडवर लावायचे, पायरी चढायचे आणि दार उघडायचं. दारात काकू उभ्या. यात काही विशेष आहे, असं त्या दोघांना किंवा मला कधी वाटलं नव्हतं.

बंगला गंगापूर रोडला, थोडा आतल्या अंगाला. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे दोन लॉन्स. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, नाशकात लॉन्स म्हणजे गवत नव्हे. लॉन्स म्हणजे लग्न, आणि लग्न म्हणजे डीजे. मुहूर्ताच्या दिवशी दोन्हीकडचे डीजे एकमेकांशी भांडायचे आणि काकूंचं डोकं ठणकायचं. त्यांचा मुलगा कॅनडात. त्यानं तिकडे बसून ठरवलं की आईला शांतता द्यायची. हॉलच्या जुन्या सागवानी, नऊ नऊ चौकटींच्या खिडक्या निघाल्या आणि तिथं दुहेरी काचेच्या आल्या. दोन काचा, मध्ये बोटभर कोंडलेली हवा, आणि आरपार एकच एक सपाट तावदान. मधली मोठी खिडकी तर उघडतच नव्हती. आता समोर डीजेचे नुसते दिवे दिसायचे आणि वऱ्हाडी मुक्यानं नाचायचे. मला तर ते फार आवडलं.

हे सगळं झालं तेव्हा काकू भाच्याच्या वास्तुशांतीला गेल्या होत्या. बापलेकांनी फोनाफोनी करून आठ दिवसांत काम उरकलं होतं, आईला सरप्राइज म्हणून. आई आली, हॉलमध्ये पिशवी हातात घेऊनच उभी राहिली, आणि म्हणाली, "हाई काय शे?"

सरप्राइज झालं होतं, यात वाद नाही.

काकूंनी दोन दिवस प्रयत्न केला. खिडकीशी बसल्या, तर रस्त्यानं जाणारे येणारे आत बघायला लागले. "शोरूममधल्या बाहुलीसारखं वाटतंय मला," त्या म्हणाल्या. सवयीनं लसणाची सालं बाहेर फुंकायला गेल्या आणि काचेवर कपाळ आपटलं. तिसऱ्या दिवशी बॅग भरली. बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, हे कारण खरंच होतं. पण रिक्षात बसताना त्या दोन वाक्यं बोलल्या, ती मी जिन्यातून ऐकली. "खिडकीसारखी खिडकी करा, मग येते. मला विचारलं का कुणी?"

काकांनी पहिलं वाक्य टिपून घेतलं. दुसरं त्यांनी ऐकलं असेलही, पण त्यात माप नव्हतं.

किल्ली जाताना काकू माझ्याकडे देऊन गेल्या. नवऱ्याकडे नाही. "ते लेव्हल सोडून सगळं हरवतात," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या दिवसांत मी एक गोष्ट रोज बघायचे. काका स्कूटर लावायचे, पायरी चढायचे आणि बंद दारासमोर उभे राहायचे. दार उघडण्याची वाट बघत. चांगलं अर्धं मिनिट. मग लक्षात आल्यावर मान वर करून हाक मारायचे, "उमेदवार, किल्ली!" पहिल्या दिवशी मी हसले. आठव्या दिवशी मला हसू येईना.

ऑपरेशन झालं, बहिणीची पट्टी निघाली, बहीण पेपर वाचायला लागली, तरी काकू येईनात. काका रोज संध्याकाळी सातला सटाण्याला फोन लावायचे. दूध किती घ्यायचं? मीठ कुठल्या डब्यात? कढीपत्त्याला पाणी रोज घालायचं की एक दिवसाआड? ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. "कधी येतेस" हे दोन शब्द सोडून सगळं बोलून व्हायचं, आणि मग सवयीनं केलेला चहाचा दुसरा कप माझ्या वाट्याला यायचा.

अखेर काकांनी खिडकीचं काम हाती घेतलं. जुन्यासारख्या नऊ चौकटी दिसायला हव्यात, म्हणजे काचेवर आडव्या-उभ्या पट्ट्या बसवायच्या. आधी खिडकी बसवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. तो म्हणाला, "काका, या पट्ट्या कारखान्यातच दोन काचांच्या मध्ये घालून येतात. आता वरून काही करायला गेलात आणि काच तडकली, तर आमचं नाव घेऊ नका. आणि काच राहू द्या, कडेचं सील जरी हललं ना, तर आत दमट हवा शिरते. मग आत धुकं धरतं. ते आतून पुसा, बाहेरून पुसा, जात नाही. मधल्या मध्ये बसतं."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. "पुसताच येत नाही?"

"कसं पुसणार? हात कुठनं घालणार?"

तो गेल्यावर काका बराच वेळ खिडकीशी उभे होते. तेव्हा मला वाटलं की हा माणूस आत्ता खिडकीचा विचार करत नाहीये. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला. म्हणावंसं वाटलं की काका, फोन करा आणि या म्हणा. पण भाडेकरूनं किती बोलावं?

मग एक सुतार आला. त्यानं काचेवर बोटानं टकटक केली, त्यानंच काकांचा चेहरा पडला. "हाय काय अन् नाय काय काका, चार स्क्रू मारतो," असं म्हणून त्यानं ड्रिल मशीन पिशवीतून काढलं. काकांनी ते त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं, त्याला चहा पाजला, फाटकापर्यंत सोबत गेले आणि फाटकाबाहेर मशीन परत दिलं.

"उमेदवार," परत येऊन ते म्हणाले, "आपणच करू."

सातपूरच्या एका वर्कशॉपमधून त्यांनी सागवानी रंगाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणल्या, दोन बोटं रुंद, हलक्या. मागं दोन्हीकडून चिकटणारी फोमची टेप. ना खिळा, ना स्क्रू. पण पट्ट्या लगेच चिकटवतील तर ते काका कसले! आधी आठ दिवस नुसती कागदी टेप लावून नऊ चौकटी आखल्या. मग त्या हॉलमधून बघितल्या, रस्त्यावरून बघितल्या, समोरच्या लॉन्सच्या वॉचमनला बोलावून त्याच्याकडून बघून घेतल्या. वॉचमन म्हणाला, "लय भारी." त्याला उमेदवार करून घेतलं.

प्रश्न राहिला आडव्या पट्ट्यांच्या उंचीचा. काकांच्या मते खिडकीची आडवी पट्टी बघणाऱ्याच्या डोळ्यावर येता कामा नये. डोळ्यासमोर मोकळी काच हवी. "आता ही खिडकी तिची. म्हणजे तिचा डोळा किती उंचीवर, हे कळलं पाहिजे."

"विचारा की फोनवर," मी म्हटलं.

"डोळ्याची उंची किती, असं कुणी बायकोला विचारतं का?" ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, पण त्यांच्यासारख्या माणसानं असं म्हणावं याचं मला नवल वाटलं. मग ते मोजायची टेप घेऊन बेसिनपाशी गेले. बेसिनवरच्या आरशावर काकूंची एक मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती. आमच्याकडे सगळ्या बायका चिकटवतात तशी, अंघोळीला जाताना काढून आरशाला लावलेली आणि तिथंच राहिलेली. काकांनी जमिनीपासून टिकलीपर्यंत माप घेतलं. "समोर बघते, कपाळावरची काढते, समोर लावते. टिकली म्हणजे नजर. चौदाशे दहा." त्यांनी ते वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. विम्याच्या सर्व्हेअरांना मी इतकी हुशारी करताना पाहिलेलं नाही.

पुढचे दोन रविवार मी त्यांच्या हाताखाली काम केलं. त्यांचे नियम होते. पंखा बंद, कारण धूळ. ऊन काचेवरून सरकल्यावरच हात लावायचा, कारण तापलेल्या काचेवर टेप नीट धरत नाही. काच पुसायला घरातलं सगळ्यात मऊ सुती कापड. ते त्यांनी काकूंच्या कपाटातून शोधून काढलं होतं, एक जुनी साडी, आणि तिचे तीनशे बाय तीनशेचे चौकोनी तुकडे केले होते. अगदी काटकोनात. पट्टी फ्रेमला टेकता कामा नये, दोन मिलिमीटर आधीच थांबली पाहिजे. "काच मध्ये मरत नाही, उमेदवार. कडेला मरते. कडेला धक्का लागू द्यायचा नाही." आणि दाबायचं ते दोन अंगठ्यांनी, मधून बाहेर.

"किती जोर?" मी विचारलं.

"पापड लाटताना देता त्याच्या निम्मा."

"मी पापड विकत आणते."

काकांनी क्षणभर डोळे मिटले. "मग पाकीट फोडताना देता त्याच्या एक दशांश."

खंडेनवमीला त्यांनी पाटावर टेप, लेव्हल आणि लोखंड घासायची कानस मांडली, झेंडूची फुलं वाहिली आणि मला म्हणाले, "तुमचंही हत्यार आणा." मी वरून दाव्याच्या कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा आणला. त्यावरही फूल पडलं. "हे वापरायची वेळ येऊ नये," असं त्यांनी हात जोडून म्हटलं. माझ्या नोकरीच्या मुळावर उठलेली अशी प्रार्थना मी पहिल्यांदाच ऐकली.

आतून पट्ट्या बसल्या, मग बाहेरून, आतल्यांच्या बरोब्बर पाठीला पाठ लावून. काचेवर ओरखडा नाही, मध्ये धुकं नाही. नऊ चौकटींची खिडकी उभी राहिली. त्या संध्याकाळी सातच्या फोनवर काका म्हणाले, "खिडकी झाली." पलीकडून काहीतरी उत्तर आलं. फोन ठेवून काकांनी माझ्याकडे बघितलं. "वसुबारसेला येते म्हणाली."

काकू आल्या. खिडकीसमोर उभ्या राहिल्या. काका परीक्षेला बसलेल्या पोरासारखे कोपऱ्यात उभे. "चांगली झालीये," काकू म्हणाल्या. "जुन्यासारखीच." काकांनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं, म्हणजे चौदाशे दहा. मला वाटलं गोष्ट इथं संपली. साडीचे तुकडे सापडल्यावर थोडी अहिराणी झाली, पण ती सणासुदीचीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका उटणं आणि पणत्या आणायला गेले. मी जिन्यात कपडे वाळत घालत होते. त्यांची स्कूटर फाटकात शिरली. त्यांनी ती लावली, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायरी चढले आणि दारासमोर उभे राहिले.

दार उघडलं नाही.

काका उभेच. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं, आणि तो चेहरा मी विसरणार नाही. त्यांना वाटलं, ती परत गेली. किंवा आहे आणि उघडत नाही.

"अहो, बेल वाजवा की!" मी वरून ओरडले.

काका दाराच्या चौकटीवर बेल शोधायला लागले. स्वतःच्या घराची बेल कुठं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. शेवटी मी खाली येऊन वाजवली. काकूंनी दार उघडलं, त्यांच्या पदरावर लसणाची सालं. "अगंबाई, कधी आलात?"

"आत्ता. तू बघितलं नाहीस?"

"कुठनं बघू?" काकू म्हणाल्या. काकांच्या हातातल्या पिशव्या घेतल्या, त्यांना दंडाला धरून खिडकीशी नेलं आणि आपल्या वेताच्या ठेंगण्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची खिडकीला अगदी चिकटून असायची. "बघा आता. माले काहीच दिखस नही. तुम्हाला दिसतंय का काही?"

काकांनी बघितलं. मग उठले, आणि मी बसून बघितलं. वर लॉन्सची कमान दिसत होती, खाली आमच्या कुंपणाची भिंत. आडवी आणि उभी पट्टी जिथं एकमेकींना छेदत होत्या, तो चौक नेमका डोळ्यासमोर येत होता, आणि त्याच्यामागं फाटक अख्खं गडप झालं होतं.

"पण मी तुझी उंची घेतली होती," काका म्हणाले. "टिकलीवरून. चौदाशे दहा."

"ती उभी असतानाची," काकू म्हणाल्या. "उभी असते तेव्हा मी काम करत असते. उभ्यानं खिडकीतनं बघायला मला वेळ आहे का? मी इथं बसते. भाजी निवडते, लसूण सोलते. पहिली खिडकी उघडी असायची, तुमच्या गाडीचा आवाज यायचा, मी मान वर करायचे, तुम्ही फाटकात दिसायचात, मग मी उठायचे. आवाज पोरानं बंद केला, आणि दिसायचं ते तुम्ही बंद केलंत. मला विचारलं का कुणी?"

काकांनी वेताच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांच्या शहरी बोलण्याखालचं विंचूर वर आलं. "लय वर्षं झाली, उमेदवार. पन मी तिला इथं बसलेली कधी पाह्यलीच नाय. मी आलो की ती उभीच."

हे ऐकून मला अगदी भरून आलं, हे कबूल करते. काकूंनी मात्र पदरावरची सालं झटकली आणि म्हणाल्या, "मग आज बघा."

खरं काम त्यानंतरच होतं. चिकटवलेलं काढायचं, तेही काचेला न दुखावता. मी सुरी आणली. काकांनी सुरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मी ती निमूटपणे परत ठेवून आले. त्यांनी चांभाराकडून मेण लावलेला जाड दोरा आणला होता. पट्टीच्या मागं, काच आणि पट्टीच्या मध्ये तो सरकवायचा, दोन टोकं दोन हातांत धरायची आणि सावकाश पुढं-मागं ओढत खाली यायचं. फोम कापला जातो, काचेला कळतही नाही. उरलेला चिकटा खोबरेल तेल लावून अंगठ्यानं चोळून काढायचा. एका वितेला पंधरा मिनिटं. शेवटची वीत राहिली असताना टक्क असा आवाज झाला. काकूंनी तोंडावर हात ठेवला, माझ्या डोळ्यांसमोर दाव्याचे फॉर्म नाचायला लागले.

"माझा गुडघा," काका म्हणाले.

आता नवीन जागा ठरवायची होती. काकू खुर्चीवर बसल्या. काका बाहेर, रंगाऱ्याच्या घोड्यावर चढून, हातात पट्टी धरून. "वर घेऊ का खाली?" असं त्यांनी विचारलं असावं. दुहेरी काच. आत काही ऐकू आलं नाही. काकू म्हणाल्या, "थोडी वर." बाहेर काही गेलं नाही. काकांनी पट्टी खाली घेतली. काकू ओरडल्या. काकांनी कानाला हात लावला. काकू म्हणाल्या, "अडतीस वर्षं हेच!" आणि हसायला लागल्या. त्या हसल्या हे मात्र काकांना काचेतून दिसलं, तसे तेही हसायला लागले. मी फोन लावू का म्हटलं, तर काकूंनी मला हातानंच गप्प केलं.

मग त्या उठल्या, बेसिनपाशी गेल्या, आरशावरची ती मरून टिकली नखानं काढली, परत येऊन खुर्चीवर बसल्या आणि नीट समोर बघून टिकली काचेवर चिकटवली. बरोब्बर फाटकावर. बाहेरून काका वाकले. त्यांनी टिकलीकडे बघितलं आणि मग टिकलीमागच्या काकूंकडे. बराच वेळ. कानशीनं घासलेला भाग उजेडात धरून बघावा, तसे बघत होते. मग त्यांनी खिशातून टेप काढली आणि टिकलीची उंची घेतली.

आडवी पट्टी वर गेली. खालच्या ओळीतल्या उभ्या पट्टीचा तुकडा टेबलावर कापून काढूनच टाकला. नवाच्या आठ चौकटी झाल्या, त्यातली खालची एक दुप्पट मोठी. ज्या माणसानं मिसळीचं टेबल चार मिलिमीटर बाहेर चालवून घेतलं नाही, त्याच्या हॉलमध्ये अशी वाकडी खिडकी. पाहुणे आले की हमखास म्हणायचे, "काका, एक पट्टी पडली वाटतं." काका शांतपणे वेताच्या खुर्चीकडे बोट करायचे. "माप बरोबर आहे. बसून बघा."

पुढं माझी बदली झाली. मागच्या वर्षी कामानिमित्त नाशिकला गेले तेव्हा न कळवताच त्यांच्याकडे गेले. काकू खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. मला आत येताना त्यांनी पाहिलं होतंच. मी शेजारी स्टुलावर बसून एक जुडी हातात घेतली. खिडकी लख्ख पुसलेली होती, फक्त टिकलीभोवती बोटभर जागा सोडून. टिकलीचा रंग उडाला होता.

थोड्या वेळानं फाटक उघडलं. आवाज अर्थातच आला नाही. काकांनी स्कूटर आत घेतली, स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं. पण लगेच पायरीकडे वळले नाहीत. तिथंच उभं राहून त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि हात वर केला. काकूंनी मेथीची जुडी वर करून दाखवली.

काका पायरी चढायला लागले, तशी मी सवयीनं दार उघडायला उठले. काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस गं," त्या म्हणाल्या आणि पुढची काडी निवडायला घेतली. "स्वतः कानस मारून किल्ली केलीये त्यांनी."